पाच काळे कोट आणि माझा मामा

लग्नात एकसारखे काळे कोट घातलेली माणसं ओळीनं उभी दिसली, की माझं डोकं आजही फिरतं. घरच्यांना हे माहीत आहे. परवा भाचीच्या लग्नात मुलाकडच्या सहा तरुणांनी एका कापडाचे, एका शिलाईचे कोट करून आणले होते आणि ते मांडवाच्या दाराशी बँकेच्या शिपायांसारखे उभे होते. मी पुटपुटायला लागलो तसं बायकोनं कोपरानं ढोसलं. म्हणाली, "गप बसा. त्यांचे कोट त्यांच्या मापाचे आहेत." तिचं खरं होतं. तरीही मी निषेध म्हणून जिलेबीचं ताट परत पाठवलं. माझा राग असाच असतो. मोठा असतो, आणि हातात शस्त्र म्हणाल तर जिलेबी.

हा राग माझ्या स्वतःच्या लग्नातला. दिवस लढाईचे. कापडावर कंट्रोल, रॉकेलवर कंट्रोल, साखरेवर कंट्रोल. मोकळी होती ती फक्त आमच्या आप्पांची जीभ. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. बेळगावच्या एका कचेरीत पस्तीस वर्षं कारकुनी करून ते गावी येऊन बसले होते, आणि कचेरी सुटली तरी कचेरीपणा सुटला नव्हता. माझे वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळं घराचा कारभार आप्पांच्या हातात. मी निपाणीपासून दोन कोसांवरच्या खेड्यात मास्तर. चौथीपर्यंतच्या पोरांना मी धाकात ठेवत असे, आणि मला आप्पा.

सोयरीक खानापूरकडच्या एका गावात ठरली. आमच्याकडची रीत अशी, की नवऱ्याचा लग्नातला पोशाख मुलीकडचे करतात. नवरा स्वतःच्या कपड्यांत त्यांच्या गावच्या मारुतीपर्यंत जातो. तिथं ते त्याला नवा पोशाख चढवतात आणि वाजतगाजत मांडवात नेतात. पोशाख शिवायचा तर माप पाहिजे. माप म्हणून नवऱ्याचा एखादा जुना कोट आधी पाठवून द्यायचा, त्यावरून तिकडचा शिंपी बेतणार. साधी गोष्ट. पण आमच्या घरात साधी गोष्ट साधेपणानं झाली, तर आप्पांना रात्री झोप लागत नसे.

माझ्याजवळ कोट एकच होता. कोपरावर ठिगळं, खिशात खडूची भुकटी, आणि कॉलर अशी, की पोरं पाठीमागं तिला 'भाकरीचा पदर' म्हणत. आप्पांनी तो दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखा उचलला.

"ह्यो पाठवायचा? व्याही म्हणतील जावई शाळा शिकवतोय का भीक मागतोय?"

मी म्हणालो, दोन्हींत फारसं अंतर नाही. कुणी हसलं नाही. आप्पांनी आत जाऊन स्वतःचा सर्जचा कोट आणला. बेळगावच्या कँपातल्या शिंप्यानं शिवलेला, आतून रेशमी अस्तर. म्हणाले, हा माप म्हणून जाऊ दे. व्याह्यांनाही कळेल की कोट कशाला म्हणतात, आणि त्यांना तसाच शिवावा लागेल.

आता आप्पा म्हणजे दोन माणसांचा ऐवज. मी तेव्हा असा होतो, की वारा सुटला की मास्तर उडतील म्हणून पोरं खिडकी लावत. मी म्हणालो, "आप्पा, ह्या कोटात मी आणि माझी चौथीची इयत्ता मावंल."

"लग्नाला तीन महिने हायत," आप्पा म्हणाले. "भर अंगात."

आणि खरोखर मला भरायला घेतलं. माणसासारखं माणूस, पण तीन महिने मला बैलासारखं खाऊ घातलं. सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर दूध. शाळेत जाताना सहा केळी. मधल्या सुट्टीत डबा यायचा, त्यात शेंगांच्या कुटाचे लाडू. रात्री भातावर तूप, ते दिसेनासं झालं की पुन्हा तूप. आप्पा दर रविवारी माझ्या छातीभोवती सुतळी लावून बघत आणि मान हलवत. पहिल्या महिन्यात सुतळी इंचभर वाढली. दुसऱ्या महिन्यात माझ्या पोटानं बंड पुकारलं, आणि मी पंधरा दिवस ताकभातावर आणि परसाकडच्या वाटेवर काढले. लग्नाच्या आधी शेवटची सुतळी लावली, तेव्हा मी सुरुवातीपेक्षाही बारीक झालो होतो. आप्पांनी मापाबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. सुतळीच कुठंतरी हरवली म्हणाले.

हे सगळं मी हसून सांगतो, कारण ते माझ्या अंगावरचं होतं. पुढचं माझ्या अंगावरचं नव्हतं.

त्याच तीन महिन्यांत एका संध्याकाळी आप्पांनी आमच्या सोप्यात पोशाखाची बैठक भरवली. लग्न म्हणजे इन्स्पेक्शन असतंय, असं त्यांचं मत. मुलीकडचे लोक नवऱ्याकडं बघत नाहीत, नवऱ्याच्या आजूबाजूला कोण उभं आहे ते बघतात. तेव्हा माझ्याबरोबर पाच माणसं पुढं चालतील, पाचही काळ्या कोटात आणि तांबड्या जरीच्या फेट्यात. एकानं माझ्यावर छत्री धरायची. एकानं माझ्या जोड्यांवर नजर ठेवायची, कारण मेव्हण्या जोडे पळवतात. एकजण वरधावा, म्हणजे वऱ्हाड आल्याची वर्दी द्यायला पुढं मांडवात जाणारा. स्वतः आप्पा वडीलधारे म्हणून. आणि पाचवा माझा मामा. मंगलाष्टकांच्या वेळी नवऱ्याच्या पाठीमागं टोकाला लिंबू खोचलेली तलवार घेऊन मामा उभा राहतो, नवरीच्या मागं तिचा मामा. त्या दोघांशिवाय भटजी मंगलाष्टकं सुरू करत नाहीत.

कापड मिळत नव्हतं, म्हणून कोट उसने जमा झाले. एक वकिलाचा आला, एक स्टेशनमास्तराचा. एक आला तो कँपात बँड वाजवणाऱ्या ओळखीच्या माणसाचा. त्याची पितळी बटणं काळ्या दोऱ्यानं गुंडाळून झाकावी लागली. आप्पांचा स्वतःचा दुसरा एक होता. चार झाले. पाचवा काही मिळेना.

"मामाचं काय?" मी विचारलं.

माझा मामा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होता. दिवसभर तंबाखू झोडायची, चाळायची, पोती भरायची, उचलायची. त्याच्या अंगात कधी कोट गेला नव्हता. धोतर, सदरा, डोक्याला पटका. तो घरात आला की त्याच्या आधी त्याचा वास यायचा आणि लहान पोरं शिंकायची. मी सातवीच्या फायनलच्या परीक्षेला बसलो तेव्हा तो माझ्याबरोबर आला होता. तिन्ही दिवस तो बाहेर झाडाखाली पाण्याचा तांब्या घेऊन बसला होता, आणि प्रत्येक पेपर सुटल्यावर एकच विचारायचा, "पानं किती भरलीस?" त्याला अक्षर येत नव्हतं. पानं मात्र मोजता येत होती. मी पास झालो ते त्याला भिऊन, कारण कमी पानं सांगायची लाज वाटायची.

आप्पा म्हणाले, "मामाचं मी बघितलंय." त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, एक लांबचा भाऊ बेळगावात कारकून होता. त्याच्याजवळ स्वतःचा काळा कोट होता, वर खिशात साखळीचं घड्याळ. तो उभा राहील. घरातली पोरं त्यालाही मामाच म्हणतात. आणि तुझा तो मामा मंगलाष्टकात उभा राहिला आणि तंबाखूच्या वासानं भटजीच शिंकले, तर अपशकून कुणाच्या डोक्यावर?

सोप्यातली सगळी हसली. मीही हसलो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

आतल्या दाराआड आई उभी होती. बैठक उठल्यावर तिनं मला चुलीपाशी बोलावलं. आई कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशीही चढवला नाही.

"मी मांडवात येणार न्हाय, ते तुला ठाव हाय," ती म्हणाली. "विधवेनं पुढं यायचं नसतंय. माझ्या म्हायेरचं तेवढं एकच माणूस तुझ्या पाठीशी हुबं ऱ्हाणार. त्याला बी काढलं, तर त्या लग्नात माझं काय ऱ्हायलं रं?"

मी म्हणालो, "मी बोलतो आप्पांशी."

बोललो असतो. पण त्या रात्री आप्पांचा पित्ताचा त्रास उसळला. दुसऱ्या दिवशी शाळेत साहेब येणार म्हणून निरोप आला. आठवड्यानं बोलायला गेलो, तर त्यांनी छातीला सुतळी लावली, आणि छातीभोवती सुतळी असलेल्या माणसाला ठामपणे बोलता येत नाही. मग माझं पोट बिघडलं. सबबी मोजत बसलो तर शाळेचा फळा भरेल. आई विचारायची नाही, फक्त बघायची. मी म्हणायचो, "अजून वेळ हाय."

आणि मामाला कुणी काहीच सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, दुसरं कुणीतरी सांगेल. तो आपल्या परीनं तयारीला लागला होता. कंट्रोलच्या दुकानात रांग लावून त्यानं नवा पटका मिळवला. धोतर दोनदा भट्टीला दिलं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तो रोज कामावरून आल्यावर राखेनं आणि लिंबानं हात घासायचा, असं मामीनं आईला सांगितलं. तंबाखूचा पिवळा डाग नखात बसतो, तो लवकर निघत नाही.

निपाणीहून बेळगावपर्यंत आम्ही कोळशाच्या मोटारीनं गेलो. पेट्रोल नसल्यानं मागं कोळशाची भट्टी लावलेली मोटार, चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची. नवरदेवही उतरला, नवरदेवानंही ढकललं. बेळगावात रेल्वेच्या स्टेशनावर सामान उतरवताना आप्पा मामाला म्हणाले, "पावणं, हे सगळं सामान तुमच्याकडं बरं का. ह्यात लोकांची कापडं हायत." मामा म्हणाला, "व्हय, व्हय." त्याला वाटलं प्रवासापुरतं. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. मी गाडीचं वेळापत्रक वाचत होतो. मला ते पाठ होतं.

खानापुरात उतरून पुढं मुलीकडच्या बैलगाड्या होत्या. वऱ्हाड उतरायची जागा त्यांच्या गावच्या शाळेत. मला बरं वाटलं. निदान फळा ओळखीचा होता. दुपारी सगळे कोट ट्रंकेतून निघाले, झटकले गेले, फेटे बांधणारा आला. मामाही तोंड धुऊन, नवा पटका बांधून, माझ्या मागं येऊन उभा राहिला. तेव्हा आप्पांनी लिंबाची तलवार त्या बेळगावच्या मामांच्या हातात दिली आणि माझ्या मामाकडं न बघताच म्हणाले, "तुम्ही हितंच थांबा. रिकाम्या ट्रंका तरी कुणी सांभाळायच्या?"

मामानं एकदा तलवारीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग तो मोठ्या ट्रंकेवर जाऊन बसला. हात गुडघ्यांवर, घासून पांढरे केलेले.

मी फेटा बांधून घेत होतो. फेटा बांधताना मान हलवायची नसते. मी हलवली नाही.

मारुतीच्या देवळात पोशाख चढवला, आणि आप्पांच्या तीन महिन्यांच्या कारभाराचं फळ सगळ्या गावानं बघितलं. कोटाच्या बाह्या माझ्या बोटांच्याही खाली गेल्या. खांदे दोन्हीकडून ओघळले. समोरची बाजू अशी एकावर एक गेली, की मी कोट घातलाय का कोटानं मला नेसलंय, ते कळेना. सासऱ्यांचा चेहरा उतरला. बिचाऱ्यांनी स्वतःच्या घरातल्या सगळ्यांच्या वाटणीचं कापड ह्या एका कोटात घातलं होतं, ते मला नंतर कळलं. त्यांचा म्हातारा शिंपी धावत आला. त्यानं खिशातून टेप काढली, कोट माझ्या अंगावरच पुन्हा मोजला, आणि पुढच्या माणसांकडं वळून म्हणाला, "मापात सुताचा फरक न्हाय. माप एकाचं आन् माणूस भलतंच. नवरा बदललासा काय वाटंत?"

गाव हसलं. आप्पा म्हणाले, प्रवासात जरा वाळलाय. मला हसू आलं नाही. त्या शिंप्याचा 'नवरा बदललासा' हा बोल माझ्या कानातून हलेना. नवरा तोच होता. बदलला होता दुसराच माणूस, आणि तो शाळेत ट्रंकेवर बसला होता.

मांडवात मी पाटावर उभा राहिलो. घंगाळात घटिकेची वाटी तरंगत होती; ती बुडाली की मुहूर्त. अंतरपाटापलीकडं नवरी आणली. तिच्या पाठीमागं उभं राहायला तिचा मामा समोरून चालत आला, आणि मी त्याच्याकडं बघतच राहिलो. जंगलात लाकूडतोडीचं काम करणारा काळा, उंच माणूस. गुडघ्यापर्यंत धोतर, बंडी, खांद्यावर घोंगडं, पाय अनवाणी. हातातली तलवार त्यानं कुऱ्हाड धरावी तशी धरली होती. त्याला कुणी पाठीमागं सारलं नव्हतं. त्याला कुणी कोटही घातला नव्हता. ह्या लोकांपुढं अब्रू जाऊ नये, म्हणून आम्ही पाच गावांतून पाच कोट गोळा केले होते.

भटजी म्हणाले, "वराकडचे मामा?"

बेळगावचे मामा घड्याळ बघत पुढं आले.

मी हात वर केला. बाही खाली लोंबली आणि हात काही बाहेर आला नाही, त्यामुळं कुणाचं लक्षच गेलं नाही. मग मी म्हणालो, "ह्ये माझे मामा न्हाईत."

आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला. वाजंत्री थांबली. अंतरपाटापलीकडं बायकांची कुजबुज झाली. माझी बायको, जी अजून माझी बायको झाली नव्हती, तिला त्या क्षणी वाटलं की हा लग्नाला नाही म्हणतोय. ते तिनं मला अजून माफ केलेलं नाही.

आप्पा दातांत म्हणाले, "मामाच हायत. घरातली समदी पोरं मामाच म्हणत्यात. गप हुबा ऱ्हा."

"माझा मामा शाळेत ट्रंकेवर बसलाय. त्याला कोट न्हाय म्हणून बसवलाय." एवढं बोलल्यावर मला थांबताच येईना. तीन महिने तुंबलेलं होतं. आई, तंबाखू, लिंबानं घासलेले हात, सगळं बाहेर पडलं, आणि शेवटी मी सर्वांसमोर हेही सांगितलं की हा कोट आप्पांच्या मापाचा आहे. ह्याची काही गरज नव्हती. पण राग आला की मी जमाखर्च ठेवत नाही. बेळगावचे मामा मात्र शहाणे निघाले. त्यांनी तलवार पाटाला टेकवून ठेवली आणि हळूच गर्दीत सरकले. त्यांचा ह्यात काहीच दोष नव्हता.

आप्पा भटजींना म्हणाले, घटिका बुडायला आली, चालू करा. भटजींनी वाटीकडं बघितलं. तेवढ्यात पलीकडून नवरीचा मामा बोलला. अंतरपाटावरून त्याचं फक्त डोकं आणि लिंबाचं टोक दिसत होतं.

"मला बी कोट न्हाय, आप्पा. मग मी बी भाईर जाऊ का?"

आप्पा स्वतःचा फेटा सारखा करायला लागले. नवरीचा मामाच पुढं म्हणाला, "वाटी बुडू दे. दुसरी सोडू. मामा येऊ दे." आणि त्यानं दारातल्या दोघांना शाळेकडं पिटाळलं.

वाटी बुडाली. दुसरी सोडली. भटजी म्हणाले, पुढचाही मुहूर्त वाईट नाही. मला वाटतं, त्यांनाही भूक लागली होती आणि वाद नको होता.

मामा आला तो चालत आला, धावत नाही. गर्दीनं वाट दिली. त्यानं मांडवाच्या दाराशी पायांवर पाणी घेतलं, तलवार उचलली आणि माझ्या पाठीमागं उभा राहिला. कुणी शिंकलं नाही. मंगलाष्टकं सुरू झाली तसा तो कोट माझ्या खांद्यावरून घसरायला लागला. हार घालायला हात उचलले असते, तर सगळाच खाली आला असता. मामानं डाव्या हातानं पाठीमागून कॉलरजवळ कोट मुठीत धरला आणि शेवटच्या 'सावधान'पर्यंत तसाच धरून ठेवला. समोरून बघणाऱ्यांना मी चांगला छाती काढून उभा असलेला दिसलो म्हणे. छाती मामाच्या मुठीत होती.

जेवणाच्या पंगती बसल्या. माझ्याभोवती बायका, पोरी, उखाण्यांचा आग्रह. मी मात्र मामाला शोधत होतो. मनात आलं होतं की तो आता माझी पाठ थोपटेल. खोटं का सांगू, थोडंसं वाटत होतं की तो रडेलही, आणि मी त्याला सावरेन. मी जरा बाहेर जाऊन येतो म्हणून सटकलो आणि शाळेत गेलो.

मामा पुन्हा ट्रंकेवर बसला होता. पान खात होता. सामानाला दुसरं कुणी थांबायला तयार नाही, म्हणून जेवून परत आलो, म्हणाला.

मी म्हणालो, "मामा, बोललो बघ मी."

"बोललास," तो म्हणाला. "बरं केलंस. तुझ्या आईला सांगतो मी." मग त्यानं पानाचा विडा दुसऱ्या गालात सारला. "पण मास्तर, बेळगावात टेशनावर आप्पांनी 'सामान तुमच्याकडं' म्हटलं, तवा तू माझ्या शेजारीच हुबा हुतास. हितं तलवार त्या पावण्याच्या हातात दिली, तवा बी तू हितंच हुतास. दोन तास मी ह्या ट्रंकेवर बसलो. माझ्या मनात लई आलं. आपलं काय चुकलं, ह्येच मी बघत हुतो. हात हुंगून बघितलं मी."

आप्पांवरचा राग मी बायकोला, पोरांना, भाच्यांना, परक्यांना, पंचवीस वर्षं सांगत आलोय, अजून सांगतो, आणि तो खराच आहे. पण त्या ट्रंकेसमोर मी उभा होतो तेव्हा मला आप्पा आठवले नाहीत. मला ते पाठ असलेलं वेळापत्रक आठवलं.

मामा ट्रंकेवर थोडा बाजूला सरकला. मी त्याच्या शेजारी बसलो. त्यानं पानाची चंची माझ्यापुढं केली. मी पान खात नाही हे त्याला माहीत होतं. मी एक विडा घेतला.

तेवढ्यात दारात आप्पा उभे राहिले. फेटा काढलेला, कोट मात्र अंगातच.

"नवरदेव, तिकडं शोधत्यात तुला. आन् ट्रंकेवर काय बसलायस? ऊठ. कोट चुरगळतोय."

मी उठलो नाही. म्हणजे, त्यांच्या तिसऱ्या हाकेपर्यंत उठलो नाही.